सीटपोस्ट निघत नाही

सायकल घेतली मिथमरॉइडच्या ऑड्री ग्रीनवुड बाईंकडून.
नवऱ्याची होती, म्हणाल्या. तो कधी गेला ते नाही सांगितलं,
शेडला कुलूप कधीपासून होतं तेवढं सांगितलं.
नव्वद पौंड. पोलादी फ्रेम, बाटलीसारखी हिरवी,
ब्रेकच्या केबल गंजून काडीसारख्या ताठ,
आणि सीट माझ्या बरगडीशी.
उंच माणूस असणार.

हेब्डन ब्रिजला आमच्या गल्लीचा चढ असा
की पोस्टमन आधी दम खातो, मग पत्र टाकतो.
मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींखाली,
सायकल उलटी उभी केली.

मी हॅलिफॅक्सला दातांच्या दवाखान्यात असते,
वीस वर्षं दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांपुढे.
मागच्या चकत्या पाहिल्या आणि रोग कळला:
मधल्या तिघींचे दात एका अंगाला कलंडलेले,
माणूस सवयीनं एकाच बाजूनं चावतो तसे.
साखळीला मापपट्टी लावली, ती सरळ आतच पडली.
नवी साखळी एकटी आणून भागत नाही,
झिजल्या दातांना ती मानवत नाही, उडी मारते,
नेमकी चढावर, नेमकं उभं राहून रेटताना.
म्हणजे दोन्ही बदला.
सायकल नव्वदची, कवळी पासष्टची.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
अर्धा तास मी ते आवळत होते
सोडवतेय अशा समजुतीत.
असं मी आधीही केलंय. सायकल नव्हती तेव्हा.

पण सीटपोस्ट.
अ‍ॅल्युमिनियमची नळी पोलादाच्या नळीत,
मध्ये ग्रीसचा थेंब नाही,
आणि कितीतरी हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ.
दोन धातू एकमेकांना खात खात एक झालेले.
तेल सोडलं. आठवडा थांबले.
अमोनिया ओतला, शेजारच्या बोझेनानं खिडकी लावून घेतली.
उकळतं पाणी, मग बर्फ, मग हातोडी.
मग थोडी रडले, वॉशिंग मशीनच्या आवाजात.

डबा खाताना डॉक्टर ओक्पारा म्हणाले,
ओढताय कशाला? ओढून दाढ निघालीय कधी?
हलवा. ती कंटाळेपर्यंत हलवा.

आर्मिटेज आजोबांच्या गॅरेजमध्ये
सीट काढून सायकल डोक्यावर उभी केली,
पोस्टचं टोक व्हाइसच्या जबड्यात,
आणि दोघांनी अख्खी फ्रेमच फिरवायला घेतली,
समोरासमोर बसून जातं ओढावं तशी,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
काहीच नाही. काहीच नाही.
मग अशी किंकाळी
की त्यांचं कुत्रं कालव्यापर्यंत पळालं.
मग राखाडी पीठ. मग ती निघाली,
अंगठाभर, वीतभर, सगळी.

तारेच्या घासणीनं पुसताना दोन ओरखडे दिसले.
एक त्याच्या मापाचा, फ्रेमच्या काठाशी होता तो.
दुसरा चार बोटं वर, मळाखाली बुजलेला,
शेजारी खिळ्यानं कोरलेलं वाकडं A.
नवऱ्याची होती, म्हणाल्या.

या वेळी ग्रीस लावलं, हात आखडता न घेता,
पोळीला तूप लावतात तसं,
आणि पोस्ट A पर्यंत खाली सोडली.
माझ्यासाठी बोटभर उंच. चालेल.

नवे टायर रुंद, पस्तीसचे, फ्रेमला घासतात का पाहिलं.
मधून करंगळी जाते.
रविवारी पेकेट वेलच्या वरच्या माळावर नेली,
डांबर संपतं तिथून पुढे, खडी, मेंढ्यांची लेंडी, पाणथळ गवत.
साखळी एकदाही उडाली नाही.
फक्त चौथ्या गिअरला टिकटिक राहिली.

ऑड्रीबाईंना फोन करावा का, ठरत नाही.
काय सांगायचं, की निघाली?

केबल पाव फेरा आवळायला हवी.
कुठल्या बाजूला, ते आधी बघून.